जुनं करून दिलेलं घड्याळ

नवं घड्याळ मुद्दाम जुनं दिसेल असं बनवून विकतात, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या पोटातल्या एका बोळात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक काउंटर, एक दिवा आणि काउंटरमागं मी. मागच्या थंडीत एक दंतवैद्य बाई आल्या. कसबा बावड्याकडं नव्या वसाहतीत राहतात म्हणाल्या. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. पट्टा सैल होत होता, एक भोक पाडून हवं होतं.

मी सवयीनं आधी भिंग डोळ्याला लावलं. डायल कडेकडेनं तपकिरी पडलेली. काट्यांवरचं रेडियम जुन्या तुपासारखं पिवळं झालेलं. बॉडीच्या कडांची चमक गेलेली. मला बाईंची दयाच आली.

"पट्ट्याचं राहू दे बाई," मी म्हणालो, "आत पाणी गेलंय ह्याच्या. वडिलांचं काय हे?"

बाई हसायला लागल्या. "अहो, नवीन आहे ते. गणपतीत घेतलं. असंच मिळतं. विंटेज लुक म्हणतात त्याला."

माझा विश्वास बसेना. त्यांना विचारून मी मागचं झाकण उघडलं. आतलं मशीन लख्ख. एका चाकावर धुळीचा कण नाही, तेलसुद्धा ताजं. चाळीस वर्षांत हजारो घड्याळं मी उघडली, पण तोंड म्हातारं आणि पोट तान्ह्या पोराचं असलं घड्याळ कधी बघितलं नव्हतं. आमच्या अंगाचा तिळपापड होतो अशा वेळी. डाग घालवण्यात आमची हयात गेली, आणि कुणीतरी कारखान्यात बसून ते डाग पाडतंय आणि लोक हौसेनं घेतायत!

"म्हणजे हे रेडियम पिवळं पडलेलं नाही?"

"नाही. रंगच तसा मिसळतात. डायलसुद्धा तशीच छापतात."

"आणि तुम्हाला हे बरं दिसतं?"

माझ्या आवाजात जरा कुत्सितपणा आला असावा. बाईंचं हसू गेलं. त्या म्हणाल्या, "आमच्या घरातलं जुनं जे काही होतं ते सगळं भावांकडं गेलं. माझ्या हातात काहीच आलं नाही. हे दुकानात बघितलं आणि वाटलं, आपल्याकडंही असतं तर असं दिसलं असतं."

मी झाकण लावलं आणि पट्ट्याला भोक पाडून दिलं.

एरवी हा किस्सा मी शेजारच्या दुकानदारांना चार दिवस रंगवून सांगितला असता. पण त्या दिवशी माझ्या काउंटरच्या खणात माझ्या थोरल्या बहिणीनं परत धाडलेलं घड्याळ पडून होतं. ते तिच्या नवऱ्याचं, आमच्या दाजींचं घड्याळ. ते बिघडलेलं नव्हतं. मी ते नको इतकं चांगलं केलं होतं.

आक्काला गडहिंग्लजला दिलेली. तिच्या लग्नात जावयाला घड्याळ द्यायचं ठरलं तेव्हा मी नुकताच या धंद्यात शिकाऊ म्हणून बसलो होतो. वडील म्हणाले, तूच निवड. मी पांढऱ्या डायलचं, रोज चावी द्यायचं एक साधं घड्याळ निवडलं. दाजींनी ते मरेपर्यंत घातलं. बिद्रीच्या कारखान्यात ते वजनकाट्यावर नोकरीला होते. उन्हात, पावसात, उसाच्या ट्रॉल्यांच्या धुरळ्यात ते घड्याळ त्यांच्याबरोबर होतं. मधूनमधून माझ्याकडं तेल घालायला यायचं. मी दरवेळी म्हणायचो, दाजी, डायल बदलूया. ते म्हणायचे, "येळ दावतंय न्हवं? मग झालं की."

महाशिवरात्रीच्या आसपास दाजी गेले. दुपारी जेवून सोप्यात आडवे झाले ते उठलेच नाहीत. पुढं पाच-सहा महिन्यांनी आक्का कोल्हापूरला आली तेव्हा तिनं पदराच्या गाठीतून घड्याळ सोडून माझ्या हातात दिलं.

"बंद पडलंय. चालू तेवढं करून दे."

चूक झाली ती इथंच. आक्का जे म्हणाली तेच तिला म्हणायचं होतं. पण आमच्या घरात बायका कधी पुरतं मागत नाहीत. जेवताना आमटी वाढू का विचारलं की आक्का वाटीवर हात धरून 'नगं' म्हणणार, आणि आपण तो हात बाजूला करून आमटी वाढायची, ही आमच्या घरची रीत. माहेरी आलेली बहीण अर्धंच बोलते, उरलेलं भावानं ओळखायचं. मी तिचं 'तेवढं' त्याच कानानं ऐकलं. मला वाटलं, भावाला त्रास नको म्हणून संकोचतेय. मी मनात म्हटलं, आक्का, बघच आता.

डायल मी मुंबईच्या एका कारागिराकडं धाडली. असं काम करणारे आता मोजकेच राहिलेत. त्यानं जुना रंग खरवडून, नवा देऊन, आकडे पुन्हा छापून पाठवले. बॉडीला मी स्वतः बफ मारून चमक आणली. नवी काच बसवली, नवा पट्टा लावला. जुना पट्टा घामानं कडक झालेला, काळा पडलेला. तो कचऱ्यात टाकला. इतकं मन लावून मी माझ्या मुलीच्या लग्नातसुद्धा काम केलं नसेल. भाऊबीजेला गडहिंग्लजला गेलो. आक्कानं ओवाळलं, आणि मी तिच्या ताटात घड्याळाची डबी ठेवली.

तिनं डबी उघडली. आत बघितलं, आणि माझ्याकडं बघितलं.

"हे कुणाचं?"

"दाजींचंच की."

"न्हवं." तिनं डबी मिटली. "हे तू नवं आणलाईस. मला नवं नगं बाबा. माझं कुठं हाय?"

मी हसत सुटलो. म्हटलं, आक्का, अगं हेच ते, मी चकाचक केलंय. तिनं परत उघडून बघितलं. बोट डायलवरून फिरवलं, बॉडीवरून फिरवलं, पट्टा नाकाजवळ नेला. तिचा चेहरा एवढासा झाला. मी झाकण उघडून तिला आतली बाजू दाखवली. घड्याळजी प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी झाकणाच्या आत सुईनं बारीक खूण करतो. तिथं माझ्याच हातच्या सात-आठ खुणा होत्या. दाजींच्याच घड्याळाच्या. एकेक मी तिला दाखवत गेलो.

आक्का म्हणाली, "आतलं मला काय ठावं? मी भाईरनंच बघितलंय त्याला."

मी झाकण लावून घड्याळ परत डबीत ठेवलं.

ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं मला जेवू घातलं, एसटीपर्यंत पोचवायला भाच्याला धाडलं. त्यानंतर तिचा फोन येणं बंद झालं. मी केला तर "बरी हाय" एवढंच. मग नात्यातल्या एकांकडून कानावर आलं, की आक्का म्हणते, त्याच्या दुकानात शेकड्यानं घड्याळं, आमचं गेलं असंल कुणाच्या तरी हातात, आता लपवाया नवं दिलंय. माझ्या धंद्यात मी कधी एकाचं घड्याळ दुसऱ्याला दिलेलं नाही. परक्या गिऱ्हाइकानं हे म्हटलं असतं तर मी त्याचं काउंटरवरूनच थोबाड रंगवलं असतं. बहिणीनं म्हटलं, आणि मला वाईट वाटलं ते तिच्या आरोपाचं नाही. दाजींची म्हणून तिच्याजवळ एकच वस्तू होती, आणि ती मी माझ्या हातानं नाहीशी केली होती. ती तिच्या घरात होती आणि नव्हतीही.

दिवाळीनंतर महिन्याभरानं भाचा आला. तो तिकडं दूध संस्थेचं काम बघतो. घड्याळाची डबी त्यानं काउंटरवर ठेवली. "मामा, हे तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे. आई कपाटात ठेवू देईना आन मला घालू बी देईना. रोज म्हणतीया, ह्यांचं आणून दे." मी डबी खणात टाकली आणि खण लावून घेतला.

आणि त्यानंतर त्या दंतवैद्य बाई आल्या.

बाई गेल्यावर मी खण उघडला. मनात आलं ते लगेच झटकून टाकलं. दोन दिवस झटकत राहिलो. तिसऱ्या दिवशी त्या बाईंच्या दवाखान्यात जाऊन विचारलं, हे डाग घरी कसे पाडतात, तुम्हाला माहीत आहे का? बाई चकित झाल्या. माझ्या दाढेचं काहीतरी असेल असं त्यांना वाटलं होतं. पण त्यांनी मोबाइलवर शोधून दाखवलं. जगात कितीतरी माणसं चांगल्या डायलला चहाचं पाणी लावत होती, कॉफी लावत होती, भट्टीत भाजत होती. तिकडं याची हौस आहे. मी तिथल्या खुर्चीत बसून सगळं बघितलं. दवाखान्यातले पेशंट माझ्याकडं बघत होते.

खरी अडचण पुढं आली. जुनं करायचं म्हणजे कसं करायचं? दाजींच्या घड्याळावर डाग नेमके कुठं होते? चाराच्या खाली एक होता की आठाच्या? काच कुठं खरचटली होती? मी ते घड्याळ शंभरदा हातात घेतलं होतं. भिंगातून बघितलं होतं. तरी मला एकही खूण आठवेना. मी त्याच्याकडं बघितलं होतं ते काय काय पुसायचं आहे हे ठरवायला. भाच्याच्या लग्नाचा अल्बम मागवला. एका फोटोत दाजींचा अक्षता टाकणारा हात होता. मोबाइलवर मोठा केला तर मनगटावर नुसता पांढरा धुरका ठिपका.

दुकानात एक पत्र्याचा डबा आहे, त्यात काढलेल्या जुन्या काचा पडलेल्या असतात. दाजींची काच मी त्यातच टाकली होती. एका रविवारी दुकान बंद ठेवून मी तो डबा वर्तमानपत्रावर उपडा केला. त्या मापाच्याच साठ-सत्तर काचा निघाल्या. एकेक दिव्यासमोर धरली. सगळ्या खरचटलेल्या, सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या. त्यातली दाजींची कुठली, मला सांगता येईना. आक्काला सांगता आलं असतं. ती नुसतं बोट फिरवून 'ही बघ' म्हणाली असती. पण तिच्यापुढं तो डबा नेऊन ओतायचा म्हणजे मी तिच्या नवऱ्याची वस्तू भंगारात टाकली होती हे दाखवायचं. ते माझ्याच्यानं झालं नाही. दुसऱ्या कुणाची काच दाजींच्या घड्याळाला बसवायचंही धाडस होईना. बसवायची ती नवीच, आणि ती मीच खराब करायची, असं ठरवलं. खोटं करायला बसलेला माणूससुद्धा कुठंतरी सोवळं पाळतो.

मग अडीच महिने मी ते काम केलं. गच्चीवर काचेच्या पेटीत डायल उन्हात ठेवली. चहाचं पाणी आटवून बारीक कुंचल्यानं कडांना लावलं, पुसलं, पुन्हा लावलं. कुकरच्या वाफेवर धरली तेव्हा बायको म्हणाली, "अहो, आमटीत घालताय काय ते?" तिला सगळं सांगितलं होतं. पहिल्यांदा ती चिडली. म्हणाली, सरळ जाऊन बहिणीचे पाय धरा. नंतर तिनंच पट्ट्याचं काम हातात घेतलं. तेलाचा हात लावून, मीठपाण्यात भिजवून, वाळवून, वाकवून तिनं तो पट्टा असा केला की मला ओळखू येईना. पण नाकाजवळ नेला की त्याला दाजींचा वास येत नव्हता. त्याला काही इलाज नव्हता.

काच किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर खिशात घालून मी हिंडलो. बॉडीवर अंगणातली बारीक वाळू चोळली. दोन-तीन दिवस नुसती वाळू चोळत होतो आणि मला लाज वाटत होती. आमच्या हाताला नीट करायची सवय, बिघडवताना हात आखडतो. शेवटच्या मंगळवारी बॉडीच्या डाव्या कडेला, चावीच्या समोर, कानशीनं एक झीज दाखवायला गेलो आणि हात घसरला. चांगला खोल, तिरका ओरखडा पडला. मी स्वतःला शिवी हासडली. मिटवायचा म्हटलं तर पुन्हा बफ मारावा लागणार, म्हणजे बाकीचं सगळं जाणार. तसाच ठेवला.

शनिवारी मी गडहिंग्लजची एसटी धरली. वाटेत काय बोलायचं ते मी पाठ करत होतो. खरंच सांगणार होतो. आक्का, घड्याळ तेच आहे, पण वरचं सगळं मी केलंय. तुला जसं आठवतंय तसं करायचा प्रयत्न केला, जमलं नाही, माझं चुकलं. एवढी चार वाक्यं. निपाणीपर्यंत ती मला तोंडपाठ झाली होती.

आक्का सोप्यात गहू निवडत बसली होती. मला बघून तिनं सूप बाजूला केलं, पाणी आणलं. मी पिशवीतून घड्याळ काढलं. यावेळी डबी नव्हती, रुमालात बांधलं होतं. रुमाल सोडून तिच्यापुढं धरला आणि पहिलं वाक्य बोलायला तोंड उघडलं.

तिनं घड्याळ उचललं. कानाला लावलं. डोळ्यांच्या अगदी जवळ धरून बघितलं. तिला जवळचं नीट दिसत नाही आता. मग अंगठा फिरवायला लागली. डायलच्या काचेवरून, कडेवरून, आणि डाव्या कडेला येऊन तो अंगठा थांबला. मंगळवारच्या ओरखड्यावर.

"घावलं व्हय रं," ती म्हणाली. तिचा आवाजच बदलला. "घावलं. हे बघ, हितं. बिद्रीला असताना ट्रॉलीच्या मागचं फाळकं निसटलं हुतं. हात तोडलाच असता त्यानं. हात वढून घेतला आन घड्याळावर निभावलं. घरी आले आन मला म्हणाले, तुझ्या भावाच्या घड्याळानं वाचिवलं आज."

मी हे कधी ऐकलं नव्हतं. दाजींनी मला कधी सांगितलं नव्हतं. आक्का परत परत त्या जागेवर अंगठा फिरवत होती, आणि माझी चार वाक्यं तशीच राहून गेली. मला वाटलं, आता बोललो तर दाजी हिच्या हातातून पुन्हा जातील, आणि यावेळी मीच नेलेले असतील. मी ती जागा बघू शकलो नाही. सुपातल्या गव्हाकडं बघत बसलो.

तिनं डोळे पुसले, चावी दिली आणि घड्याळ आपल्या मनगटावर बांधलं. पट्टा तिला मोठा होत होता. म्हणाली, "मी तुला काय काय बोलले. चार मान्सात बी बोलले. मनावर घिऊ नगंस. मला वाटलं, माझाच भाऊ खोटं बोलतोय."

"असू दे गं," मी म्हणालो.

ती चहा ठेवायला उठली. स्वयंपाकघराच्या दारात थांबून तिनं मागं बघितलं.

"आन ते दुसरं? ते चकचकीत?" तिनं विचारलं. "ते ज्याचं हुतं त्याला देऊन टाक बाबा. त्याच्या बी घरात कोण तरी वाट बघत असंल."

"देतो," मी म्हणालो.